रणविद्या आणि शिपाई : एक प्रस्तावना

मराठी माणसाला रशियन फौज पहिल्यांदा जवळची वाटली ती पोवाड्यातून. अण्णा भाऊ साठे यांनी ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला आणि व्होल्गाकाठची लढाई डफाच्या तालावर मुंबईच्या कामगार वस्त्यांत पोचली. पुढे नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात मिग-२१ विमाने बनू लागली, नगरच्या रणगाडा केंद्रात आपली मुले टी-७२ चालवायला शिकली. रशियन शस्त्र आपल्या घरातले झाले. ते शस्त्र ज्या विचारातून घडले त्या विचाराचा इतिहास मात्र मराठीत सलग कोणी सांगितला नाही. ही उणीव मला फार वर्षे टोचत होती. हे पुस्तक त्या टोचणीतून लिहिले गेले.

२४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या, तेव्हा कीव्ह काही दिवसांतच पडेल, असे भलेभले जाणकार सांगत होते. कीव्ह पडले नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रशियन फौज राजधानीच्या परिसरातून पूर्ण मागे गेली होती. मग सूर पालटला. ही फौज आतून पोकळ आहे, वर्षभरात कोसळेल, असे सांगितले जाऊ लागले. तीही कोसळली नाही. दोन्ही भाकिते चुकली, कारण रणगाडे आणि क्षेपणास्त्रे सगळ्यांनी मोजली, पण या फौजेच्या सवयी फारशा कोणी पाहिल्या नाहीत. फौज कशी हरते, हरल्यावर काय शिकते आणि शिकण्याची किंमत कोणाकडून वसूल करते, हे तीनशे वर्षांच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

मला जे दिसले ते आधीच सांगून टाकतो. रशियात शहाणपण सांगणारी माणसे बहुतेक वेळा पराभवाच्या आधीच हजर होती. त्यांचे ऐकले गेले ते पराभवानंतर. आणि या दोहोंमधले अंतर दर वेळी शिपायाने आपल्या रक्ताने भरून काढले.

झारांच्या काळाची हकिगत मी पुस्तकात भराभर सांगितली आहे, इथे तर आणखीच थोडक्यात सांगतो. १७०० साली नार्वापाशी स्वीडनच्या बाराव्या चार्ल्सने कैक पटींनी मोठ्या रशियन फौजेची दाणादाण उडवली. पहिल्या पीटरने त्यानंतर फौज नव्याने उभी केली आणि नऊ वर्षांनी पोल्ताव्हाला त्याच चार्ल्सला पळवून लावले. १८१२ चा नेपोलियन आणि कुतूझोव्ह आपल्या वाचकाला टॉलस्टॉयमुळे ठाऊक आहेत. मुलूख सोडून वेळ मिळवायचा, हा रशियन धडा तिथला. पण आधुनिक बदलाची खरी सुरुवात १८५३ ते ५६ च्या क्रिमियन युद्धात झाली. सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात तरुण टॉलस्टॉय स्वतः तोफखान्याचा अधिकारी होता. इंग्रज आणि फ्रेंच शिपायांच्या हाती आटे पाडलेल्या नळीच्या बंदुका होत्या, रशियन शिपायाकडे बहुधा जुन्या गुळगुळीत नळीच्या. मॉस्कोच्या दक्षिणेला रेल्वे नव्हती, दारूगोळा बैलगाड्यांनी चिखलातून येत होता. युद्ध हरल्यावर पाच वर्षांनी भूदासांची मुक्ती झाली आणि १८७४ साली युद्धमंत्री मिल्यूतिनने सक्तीची सार्वत्रिक भरती आणली. त्याआधी फौजेत गेलेला भूदासाचा मुलगा जवळजवळ अख्खा जन्म तिथेच घालवी. नव्या कायद्यात मुदत सहा वर्षांवर आली, आणि शाळा शिकलेल्याला ती आणखी कमी. अक्षरओळख नसलेला शिपाई नवी बंदूक आणि नवा हुकूम दोन्ही समजू शकत नाही, हे मिल्यूतिनला कळले होते.

१९०४-०५ मध्ये जपानने पुन्हा डोळे उघडले. त्सुशिमाच्या समुद्रात आरमार बुडाले, मुकदेनला पायदळ हरले. त्या युद्धात अलेक्सांद्र स्वेचिन नावाचा एक तरुण अधिकारी होता. मला विचाराल तर या पुस्तकाचा नायक तोच.

स्वेचिन झारचा सेनापती होता. १९१८ मध्ये तो लाल सेनेला जाऊन मिळाला आणि लष्करी अकादमीत शिकवू लागला. त्याचे म्हणणे असे. लढाई कशी जिंकावी, हा डावपेचांचा प्रश्न. युद्ध कशासाठी करायचे, देशाने त्यात किती ओतायचे, कुठे थांबायचे, हा रणनीतीचा. पूर्वी या दोहोंमध्ये फार अंतर नव्हते, कारण पानिपतावर किंवा वॉटर्लूला एका दिवसात निकाल लागत असे. मुकदेनला आघाडी शंभर किलोमीटरच्या पुढे पसरली आणि लढाई दोन आठवड्यांहून अधिक चालली. अशा युद्धात एक लढाई जिंकून काही हाती लागत नाही. अनेक लढाया, त्यांच्यामधली उसंत, रसद, रेल्वेच्या फेऱ्या, राखीव फौज कोणत्या दिवशी कोणत्या खिंडारात सोडायची, हे सगळे एका सुतात ओवावे लागते. या ओवण्याला त्याने ‘ओपेरातिवनोये इस्कुस्त्वो’ असे नाव दिले. मराठीत मी त्याला मोहीमकला म्हटले आहे. आज जगातल्या बहुतेक मोठ्या फौजा, आपलीही, ही संकल्पना शिकवतात. तिचे नामकरण झाले ते १९२० च्या दशकातल्या मॉस्कोत.

त्याचे दुसरे म्हणणे अधिक कडू होते. शत्रूला एका तडाख्यात मोडता येते, नाहीतर झिजवावे लागते. मोठ्या औद्योगिक देशांमधले युद्ध झिजेचे होण्याचीच शक्यता अधिक. म्हणून कारखाने, धान्य, रेल्वे आणि लोकांचे मन यांची तयारी आधीपासून हवी. हे त्याने ‘स्ट्रॅटेजी’ या ग्रंथात मांडले. क्रांतीच्या जोशातल्या तरुण सेनापतींना ही कच खाणाऱ्याची भाषा वाटली.

त्या तरुणांचा म्होरक्या मिखाईल तुखाचेव्हस्की. तोही विलक्षण बुद्धीचा माणूस, आणि त्याने मोहीमकलेला दिलेले रूप आजही थक्क करते. शत्रूच्या पहिल्या फळीशी झोंबत बसायचे नाही. तोफखाना, विमाने, रणगाडे आणि छत्रीधारी सैनिक यांनी त्याच्या सगळ्या खोलीवर एकाच वेळी घाव घालायचा, खिंडार पाडून राखीव रणगाडे मागपर्यंत घुसवायचे, म्हणजे शत्रूची ठाणी, रस्ते आणि हुकूम सगळेच एकदम विस्कटते. याला खोल मुसंडीचा सिद्धांत म्हणता येईल. त्रियांदाफिलोव्ह आणि इसेरसन यांनी त्याचे गणित मांडले. १९३५ च्या कीव्हच्या युद्धसरावात हजाराहून अधिक छत्रीधारी एकाच वेळी उतरले आणि परदेशी पाहुणे बघत राहिले. १९३६ च्या नियमपुस्तिकेत हा सिद्धांत फौजेचा अधिकृत मार्ग झाला. पण याच तुखाचेव्हस्कीने १९३१ मध्ये स्वेचिनवर जाहीर चिखलफेक घडवून आणली होती, तेव्हा स्वेचिन तुरुंगात होता. सहा वर्षांनी पाळी तुखाचेव्हस्कीवर आली. जून १९३७ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. पाचांपैकी तीन मार्शल स्टालिनच्या त्या दमनात गेले. स्वेचिनला जुलै १९३८ मध्ये संपवले. त्रियांदाफिलोव्ह १९३१ मध्येच विमान अपघातात गेला होता. इसेरसनच्या वाट्याला पुढे छावणी आली. हजारो अधिकारी मारले गेले, तुरुंगात गेले किंवा काढून टाकले गेले. आपल्याच घरातली विद्या इतक्या थोड्या काळात इतकी पुसून टाकणारे दुसरे राज्य मला इतिहासात सापडत नाही.

२२ जून १९४१ ला जर्मन फौजा आत घुसल्या. वर्ष संपेपर्यंत तीस लाखांहून अधिक सोव्हिएत सैनिक कैद झाले होते. जुलैअखेर लष्करी मुख्यालयाचा प्रमुख झुकोव्ह याने कीव्ह सोडून मागे यावे असे सुचवले, आणि त्याचे ते पद गेले. सप्टेंबरमध्ये जर्मनांनी त्याच कीव्हभोवती वेढा घातला आणि लाखो सैनिक त्यात सापडले. विसरलेली विद्या पुन्हा आठवायला दीड वर्ष लागले. १९-२० नोव्हेंबर १९४२ ला स्टालिनग्राडच्या दोन्ही बगलांवर घाव पडला आणि चार दिवसांत फास आवळला गेला. अण्णा भाऊंनी जिच्या विजयाचे गाणे केले ती लढाई अशी तुखाचेव्हस्कीच्या वहीतून उतरली होती, आणि त्या वहीच्या मालकाचे नाव घेण्याची सोय नव्हती.

या विद्येची परिपूर्ण मोहीम पाहायची असेल तर १९४४ च्या बेलारूसमधली ‘बाग्रातिओन’ पाहावी. तिच्यासाठी मी पुस्तकात सर्वांत जास्त पाने खर्च केली आहेत. रोकोसोव्स्की हा तिचा एक सेनापती. १९३७ मध्ये पकडला गेलेला, अडीच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढलेला. त्याने प्रस्ताव मांडला की माझ्या आघाडीवर एकच मुख्य घाव न घालता दोन घालू, त्यातला एक दलदलीतून. स्टालिनने त्याला शेजारच्या खोलीत जाऊन पुन्हा विचार करायला सांगितले, असे त्याने आठवणींत लिहिले आहे. तो परत आला आणि तेच म्हणाला. शिपायांनी चिखलावर लाकडाच्या ओंडक्यांचे रस्ते अंथरले, जर्मनांना अशक्य वाटत होते तिथून रणगाडे बाहेर पडले. मुख्य हल्ला दक्षिणेला युक्रेनकडून येणार, अशी हूल आधीच दिलेली होती. खऱ्या तयारीवर पांघरूण घालायचे आणि खोटी उघड दिसू द्यायची, या कसबाला रशियन भाषेत ‘मास्किरोव्का’ म्हणतात. ३ जुलैला मिन्स्क परत घेतले. १७ जुलैला सुमारे ५७ हजार जर्मन कैद्यांना मॉस्कोच्या रस्त्यांवरून चालवले. जर्मनांचा मध्य सैन्यगट जवळजवळ नाहीसा झाला. हीच मोहीम जिंकणाऱ्या बाजूचे सुमारे १ लाख ८० हजार सैनिक मेले किंवा बेपत्ता झाले. युद्धकलेच्या पुस्तकांत मोहिमेचे बाण छापतात, हा आकडा बहुधा तळटीपेत जातो. मी तो मुद्दाम मजकुरात घेतला आहे.

अणुबॉम्बनंतरची वीस वर्षे लवकर आटोपता येतात. १९५९ च्या डिसेंबरमध्ये क्षेपणास्त्रांचे स्वतंत्र दल निघाले, ख्रुश्चेव्हने पायदळ छाटले, आणि १९६२ साली मार्शल सोकोलोव्स्कीच्या संपादनाखाली आलेल्या ग्रंथाने पुढचे महायुद्ध अणुयुद्धच असेल असे गृहीत धरले. त्यात विचाराला फारसा वाव नव्हता. वाव पुन्हा निर्माण केला मार्शल ओगार्कोव्हने. १९७७ ते १९८४ तो लष्करी मुख्यालयाचा प्रमुख होता. संगणक, उपग्रह आणि अचूक मारा करणारी शस्त्रे एका जाळ्यात जोडली की साधा दारूगोळाही अणुबॉम्बच्या तोडीचे काम करील, हे त्याने अमेरिकेतल्या बहुतेकांच्या आधी ओळखले. टेहळणी करणारा डोळा आणि घाव घालणारा हात यांच्यातला वेळ मिनिटांवर आणायचा, हे त्याचे सूत्र. पण त्यासाठी लागणारे संगणक आणि मोकळी अर्थव्यवस्था देशाकडे नव्हती. तो हे उघडपणे बोलू लागला आणि सप्टेंबर १९८४ मध्ये त्याला पदावरून हलवले. अफगाणिस्तानातले युद्ध तोवर जवळजवळ पाच वर्षे चालू होते. युरोपच्या सपाटीसाठी घडवलेली फौज गनिमी काव्यापुढे दमली. १५ फेब्रुवारी १९८९ ला शेवटचे सैनिक अमू दर्यावरचा पूल ओलांडून परतले, तेव्हा सुमारे १५ हजार परतलेले नव्हते. डोंगरातल्या युद्धाचे शिकलेले शहाणपण अधिकृत पुस्तिकांत जवळजवळ आलेच नाही.

त्याचे परिणाम चेचन्याच्या राजधानीत, ग्रोझनीत दिसले. डिसेंबर १९९४ मध्ये येल्त्सिनने चेचन्यात फौज घातली. संरक्षणमंत्री ग्राचोव्हने छत्रीधारी सैनिकांची एक रेजिमेंट दोन तासांत शहर घेईल, असे म्हटले होते. ३१ डिसेंबरला चिलखती गाड्यांचे ताफे शहरात शिरले. माइकोपची १३१ वी ब्रिगेड रेल्वे स्थानकापर्यंत पोचली आणि तिथे अडकली. चेचन नेमबाज तळघरांतून आणि वरच्या मजल्यांवरून रॉकेट सोडत होते. रणगाड्याची तोफ तळघराइतकी खाली झुकत नाही, वरच्या मजल्याइतकी उंच उठत नाही. पहिली आणि शेवटची गाडी पेटवली की मधल्या सगळ्या सापडतात. शहराचे धड नकाशे नव्हते, घाईघाईने जमवलेल्या तुकड्यांतली अठरा-एकोणीस वर्षांची मुले एकमेकांना ओळखतही नव्हती. स्टालिनग्राडच्या गल्लीबोळात जगाला शहरी युद्ध शिकवणाऱ्या फौजेची नातवंडे अशी मेली. आपल्या मुलांना शोधत चेचन्यापर्यंत गेलेल्या सैनिकमातांची हकिगत या पुस्तकातल्या एका प्रकरणात आहे. ती लिहिताना मला अनेकदा लेखणी खाली ठेवावी लागली.

दुसऱ्या चेचन युद्धात फौजेने धडा घेतला. तो असा: शहरात शिरण्याआधी शहरच तोफांनी आणि विमानांनी उद्ध्वस्त करायचे. फेब्रुवारी २००० मध्ये ग्रोझनी हाती आले तेव्हा उभी इमारत शोधावी लागत होती. पुढे सीरियातले अलेप्पो आणि युक्रेनमधले मारिउपोल यांच्या वाट्याला हाच धडा आला. शिपाई वाचवण्याची ही तऱ्हा नागरिकांच्या जिवावर उभी आहे, आणि मी तिला सुधारणा म्हणणार नाही.

ऑगस्ट २००८ मध्ये जॉर्जियाशी झालेले पाच दिवसांचे युद्ध रशियाने जिंकले, पण फौजेची लाज चव्हाट्यावर आली. संपर्कयंत्रणा कोलमडल्या, ५८ व्या सेनेचा सेनापती ताफ्यातच जखमी झाला. त्या शरद ऋतूत संरक्षणमंत्री सेर्द्युकोव्हने मोठी काटछाट सुरू केली. अर्ध्या रिकाम्या डिव्हिजन मोडून ब्रिगेड आल्या, अधिकाऱ्यांची संख्या निम्म्याहून खाली आणण्याचे ठरले, पगारी सैनिक वाढवले. ब्रिगेडमधून सात-आठशे सैनिकांची, भरपूर तोफखाना असलेली ‘बटालियन युद्धगट’ ही तुकडी काढायची आणि लगेच धाडायची, ही नवी रीत. क्रिमिया (२०१४) आणि सीरिया (२०१५) यांत ही नवी फौज चालून गेली. कॅस्पियन समुद्रातल्या बोटींनी सुमारे १,५०० किलोमीटरवर सीरियात क्षेपणास्त्रे डागली, तेव्हा ओगार्कोव्हचे स्वप्न फळाला आले असे वाटले.

याच सुमाराला ‘गेरासिमोव्ह सिद्धांत’ हा शब्द जगभर पसरला. लष्करप्रमुख गेरासिमोव्हने २०१३ च्या फेब्रुवारीत एका लष्करी साप्ताहिकात लेख लिहिला. आजच्या संघर्षांत प्रचार, पैसा, राजकारण अशी बिगरलष्करी साधने अधिक वापरली जातात, असे त्यात होते. तो मुख्यतः पाश्चात्त्य देश काय करतात असे रशियाला वाटते, त्याचे वर्णन करत होता. हे नाव रूढ करणारा ब्रिटिश अभ्यासक मार्क गॅलिओटी याने २०१८ मध्ये जाहीर माफी मागितली आणि असा सिद्धांत मुळात नाहीच असे सांगितले. तरीही आपल्याकडच्या लेखांत तो अजून छापला जातो. वाचकाने तो मनातून काढूनच पुढे जावे.

२०२२ चा बेत हा एका तडाख्याचा बेत होता. कीव्हशेजारच्या होस्तोमेलच्या विमानतळावर छत्रीधारी, मागून राजधानीकडे रणगाड्यांचे ताफे, सरकार पळून जाईल ही अपेक्षा. एवढ्या मोठ्या देशासाठी दोन लाखांच्याही आतली फौज. सक्तीच्या भरतीतली मुले परदेशी युद्धात पाठवणार नाही असे जाहीर केलेले, त्यामुळे युद्धगटांत गाड्या होत्या आणि उतरून लढणारे पायदळ तोकडे. छोट्या युद्धांसाठी कातलेली फौज मोठ्या युद्धात उतरवली गेली. स्वेचिनने शंभर वर्षांपूर्वी जे बजावले होते ते सगळे त्या एका महिन्यात घडले.

नंतर फौज शिकली. सप्टेंबर २०२२ मध्ये तीन लाखांची भरती जाहीर झाली. सेनापती सुरोविकिनने दक्षिणेत सुरुंग, खंदक आणि काँक्रीटच्या अडथळ्यांच्या रांगा बांधल्या आणि २०२३ चा युक्रेनी हल्ला त्यांत अडकला. जुन्या साध्या बॉम्बना पंख आणि दिशादर्शक जोडून ते दूरवरून सोडले जाऊ लागले. इराणी आराखड्याची ड्रोन तातारस्तानात येलाबुगाच्या कारखान्यात बनू लागली. मे २०२४ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून बेलोऊसोव्ह हा अर्थतज्ज्ञ आला, म्हणजे युद्ध झिजेचे आहे याची सरकारने दिलेली कबुलीच. आज आघाडीच्या दोन्ही बाजूंच्या कित्येक किलोमीटरच्या पट्ट्यात जे हलते ते ड्रोनला दिसते आणि मिनिटांत मारले जाते. रणगाड्यांचे ताफे गेले. दोन-तीन शिपाई पायी किंवा मोटरसायकलवर सुटतात, पोचले तर दबा धरून बसतात. जाम न होणारी, मागे काचतंतूची बारीक तार सोडत जाणारी ड्रोन रसदीचे रस्ते बंद करतात. खोल मुसंडीसाठी घडवलेली फौज इंचाइंचाने सरकते आहे.

आणि शिपाई? पूर्व युक्रेनमधल्या बाखमुतला वॅग्नर या खासगी फौजेने तुरुंगातले कैदी लाटेमागून लाट असे पाठवले. स्टालिनने १९४२ मध्ये उभ्या केलेल्या शिक्षापलटणींची ती सरळ आठवण होती. कैदी संपत आले तसे गरीब प्रांतांत भरतीची बक्षिसे वाढत गेली. दलालांच्या जाळ्यात सुरत, हैदराबाद, केरळमधली आपली मुलेही सापडली. मदतनिसाची नोकरी सांगून नेलेली काही आघाडीवर मेली. शस्त्र, रचना, सिद्धांत सगळे पालटले. शिपायाचा हिशेब ठेवण्याची रीत पालटली नाही.

तो हिशेब असा. १९४६ साली स्टालिनने देशाचे युद्धबळी सत्तर लाख सांगितले. ख्रुश्चेव्हच्या काळात ते दोन कोटी झाले. १९९० मध्ये गोर्बाचेव्हने जवळजवळ दोन कोटी सत्तर लाख हा आकडा दिला. त्यातले सैनिक सुमारे ८७ लाख, हे अधिकृतपणे पुस्तकात छापून यायला १९९३ उजाडले. युक्रेनमधल्या आपल्या मृत सैनिकांची एकूण संख्या रशियन संरक्षण मंत्रालयाने शेवटची सांगितली ती २१ सप्टेंबर २०२२ ला: ५,९३७. त्यानंतर मेदियाझोना हे रशियन वृत्तस्थळ, बीबीसीची रशियन सेवा आणि त्यांचे स्वयंसेवक गावोगावच्या दफनभूमीतले फलक, स्थानिक पत्रांतल्या मृत्युवार्ता आणि नातेवाइकांनी लिहिलेल्या ओळी पडताळून एकेक नाव नोंदवत आहेत. २०२५ साली त्यांच्या यादीतली नावे एक लाखाच्या पुढे गेली.